अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाला नोकरी आणि प्रशिक्षणाची मदत कुठून मिळते? वाचा सविस्तर

अमेरिकेत नवी इमारत उभी राहत असो, स्ट्रॉबेरीची तोडणी चालू असो किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाजी चिरली जात असो, तिथे स्पॅनिश बोलणारा कामगार बहुधा असतोच. तिथल्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार १६ वर्षांवरच्या लॅटिनो लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक काम करत असतात किंवा काम शोधत असतात. संपूर्ण देशाचं हे प्रमाण ६२ ते ६३ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे कष्ट करण्यात हा समाज देशाच्या सरासरीपेक्षा पुढेच आहे. तरीही पूर्णवेळ काम करणाऱ्या लॅटिनो कामगाराची सर्वसाधारण कमाई गोऱ्या कामगाराच्या साधारण तीन चतुर्थांश एवढीच भरते.

काम आहे, पण त्यातून वर चढायला शिडी नाही, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे लॅटिनो समाजासाठी चालणाऱ्या रोजगार योजना तपासताना एकच प्रश्न विचारावा लागतो: ही योजना माणसाला फक्त उद्याचं काम देते, की पाच वर्षांनी जास्त पगाराच्या कामावर पोहोचवते? सरकारी केंद्रं, समाजाच्या संस्था, कॉलेजं आणि मजूर केंद्रं यांची व्यवस्था नेमकी कशी चालते, ते समजून घेऊ.

लॅटिनो म्हणजे नेमके कोण?

मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियनमधली स्पॅनिश भाषक बेटं इथून आलेले किंवा तिथे मूळ असलेले लोक म्हणजे लॅटिनो. 'हिस्पॅनिक' हा शब्दही बऱ्याचदा याच अर्थाने वापरतात, पण दोन्हींत थोडा फरक आहे. हिस्पॅनिक या शब्दाचा संबंध स्पॅनिश भाषेशी आहे, त्यामुळे त्यात स्पेनचे लोक येतात. लॅटिनो या शब्दाचा संबंध प्रदेशाशी आहे, त्यामुळे पोर्तुगीज बोलणारे ब्राझीलचे लोकही अनेकदा त्यात धरले जातात.

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक किंवा लॅटिनो लोक नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. हे सगळे स्थलांतरित असतात हा मोठा गैरसमज आहे. यातले सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले आहेत. पोर्तो रिकोच्या लोकांना तर १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. त्यामुळे एकाच वस्तीत तीन पिढ्यांपासून टेक्सासमध्ये राहणारा इलेक्ट्रिशियन, ग्रीन कार्डवर आलेली नर्स आणि कागदपत्रं नसलेला शेतमजूर असे तिघेही लॅटिनोच असतात. तिघांना मिळणारी मदत मात्र वेगवेगळी असते.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण भाषेची. इंग्रजी कच्चं असलेल्या माणसाला शारीरिक कष्टाचं काम लगेच मिळतं, पण मुकादम किंवा सुपरवायझर होण्याची वेळ आली की तो मागे पडतो.

दुसरी अडचण पदवीच्या मान्यतेची. व्हेनेझुएला किंवा कोलंबियात डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक असलेला माणूस अमेरिकेत टॅक्सी चालवताना किंवा साफसफाई करताना दिसतो. तिथे नर्सिंग, वैद्यकीय, शिक्षक अशा पेशांचे परवाने प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं आणि परदेशी पदवीची तपासणी, परीक्षा, प्रत्यक्ष अनुभव या सगळ्यांत पैसा आणि वर्षं जातात.

तिसरी अडचण वेळेची. दिवसभर काम, संध्याकाळी मुलं, गाडी नाही आणि बस वेळेवर नाही. अशा माणसाला 'मोफत कोर्स आहे, या' एवढं सांगून भागत नाही. कोर्स मोफत असला तरी त्या काळातला बुडालेला पगार कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

चौथी गोष्ट सुरक्षेची. बांधकामावरच्या कामगारांत लॅटिनोंचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त आहे आणि हे काम धोक्याचं आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत कामावर झालेल्या अपघातांत १,२४८ लॅटिनो कामगारांचा मृत्यू झाला. दर एक लाख कामगारांमागे हे प्रमाण ४.६ होतं, तर सगळ्या कामगारांसाठी ३.७. म्हणूनच सुरक्षेचं प्रशिक्षण कामगाराला कळेल अशा भाषेतच दिलं पाहिजे, असं तिथल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या 'ओशा' या यंत्रणेने २०१० मध्ये मालकांना स्पष्ट केलं.

सरकारी मदतीचं दार: अमेरिकन जॉब सेंटर

अमेरिकेत सरकारी रोजगार सेवेची सुरुवात महामंदीच्या काळात, १९३३ च्या वॅग्नर-पेझर कायद्याने झाली. त्यानंतर १९६२, १९७३, १९८२ आणि १९९८ मध्ये प्रशिक्षणाचे नवे कायदे आले. सध्या चालू असलेला कायदा २०१४ चा आहे. त्याचं नाव 'वर्कफोर्स इनोव्हेशन अँड अपॉर्च्युनिटी ॲक्ट'. लोक त्याला थोडक्यात 'विओआ' म्हणतात.

या कायद्याखाली देशभर सुमारे २,३०० अमेरिकन जॉब सेंटर चालतात. आपल्याकडच्या रोजगार कार्यालयासारखंच हे, पण इथे नाव नोंदवण्यापलीकडे बरंच काही मिळतं. कामाचे साधारण तीन टप्पे असतात:

• प्राथमिक सेवा: नोकऱ्यांची यादी, अर्ज भरायला मदत, बायोडेटा तयार करणं, संगणक वापरायला देणं, बेकारी भत्त्याची माहिती.

• वैयक्तिक सेवा: कौशल्याची चाचणी, समुपदेशकासोबत बसून आखलेला आराखडा, मुलाखतीची तयारी.

• प्रशिक्षण: पात्र ठरलेल्या व्यक्तीच्या नावाने एक प्रशिक्षण खातं उघडलं जातं. राज्याने मान्य केलेल्या संस्थांच्या यादीतून कोर्स निवडायचा आणि फी त्या खात्यातून थेट संस्थेला जाते.

पैसा केंद्राचा असला तरी तो कुठल्या कोर्सवर खर्च करायचा हे स्थानिक मंडळं ठरवतात आणि त्या मंडळांत बहुमत उद्योजकांचं असावं असं कायदाच सांगतो. परिसरातल्या मालकांना कोणते कामगार हवे आहेत ते आधी बघून प्रशिक्षण द्यावं, हा त्यामागचा विचार आहे.

लॅटिनो समाजासाठी या कायद्यातली एक तरतूद फार कामाची आहे. प्रौढांसाठीच्या निधीतून प्रशिक्षण देताना सरकारी मदतीवर असलेल्या, कमी उत्पन्नाच्या आणि मूलभूत कौशल्यं कमी असलेल्या लोकांना प्राधान्य द्यावं लागतं. इंग्रजी शिकत असलेले लोक या तिसऱ्या गटात मोडतात. याच कायद्याचा दुसरा भाग प्रौढ शिक्षणाचा आहे. त्यातून इंग्रजीचे वर्ग आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी हायस्कूलच्या बरोबरीचं प्रमाणपत्र मिळवण्याची तयारी चालते.

एक छोटी अट मात्र अनेकांना माहीत नसते. १८ ते २५ वयाच्या पुरुषांना अमेरिकेत 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस' म्हणजे संभाव्य लष्करी भरतीच्या यादीत नाव नोंदवावं लागतं. ज्याने ते नोंदवलं नाही, त्याचं विओआच्या प्रशिक्षणाचं काम अडू शकतं.

शेतमजूर आणि तरुणांसाठी वेगळं काय आहे?

हंगामानुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या शेतमजुरांसाठी 'नॅशनल फार्मवर्कर जॉब्स प्रोग्रॅम' आहे. त्याची मुळं १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यात आहेत. त्याच वर्षी मेक्सिकन मजुरांना करारावर आणणारी 'ब्रासेरो' योजना २२ वर्षांनी बंद झाली होती. फार्मवर्कर प्रोग्रॅममधून मजुराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना ट्रक चालवणं, वेल्डिंग, आरोग्यसेवा अशा बारमाही कामांचं शिक्षण मिळू शकतं. शिवाय राहण्याच्या सोयीसाठीही मदत होते.

१६ ते २४ वयाच्या गरीब घरांतल्या तरुणांसाठी 'जॉब कॉर्प्स' आहे. तीही १९६४ चीच. राहणं, जेवण आणि व्यवसाय शिक्षण मोफत. मात्र मे २०२५ मध्ये कंत्राटदारांमार्फत चालणारी केंद्रं थांबवण्याचा निर्णय कामगार खात्याने जाहीर केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्यामुळे जवळचं केंद्र चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

शिकताना कमवायचं असेल तर नोंदणीकृत ॲप्रेंटिसशिप हा मार्ग आहे. १९३७ च्या कायद्यावर ती उभी आहे. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कामांत पहिल्या दिवसापासून पगार मिळतो आणि कौशल्य वाढेल तसा तो वाढतो.

समाजाने स्वतः उभ्या केलेल्या संस्था

सरकारी कार्यालयात जायला बिचकणारा माणूस ओळखीच्या भाषेत बोलणाऱ्या संस्थेकडे आधी जातो. लॅटिनो समाजात अशा संस्थांची मोठी परंपरा आहे.

'लुलाक' ही संघटना १९२९ मध्ये टेक्सासच्या कॉर्पस ख्रिस्ती शहरात स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या मेक्सिकन-अमेरिकन सैनिकांना हक्काच्या सोयी मिळेनात, म्हणून डॉ. हेक्टर गार्सिया यांनी त्याच शहरात १९४८ मध्ये 'अमेरिकन जीआय फोरम' सुरू केला. १९६० च्या दशकाच्या मध्यात या दोन संघटनांनी मिळून 'सेर - जॉब्स फॉर प्रोग्रेस' ही रोजगार संस्था उभी केली. स्पॅनिशमध्ये 'सेर' म्हणजे 'असणं'.

१९६८ मध्ये ॲरिझोनात सुरू झालेली 'साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा' पुढे राष्ट्रीय संस्था झाली आणि २०१७ पासून ती 'युनिदोसयूएस' या नावाने ओळखली जाते. तिच्याशी देशभरातल्या सुमारे ३०० स्थानिक संस्था जोडलेल्या आहेत. त्यातल्या अनेक संस्था नोकरी, इंग्रजी, घर आणि आरोग्य या गोष्टी एकाच छताखाली बघतात.

कारखाना बंद पडला, आणि मग?

कुठली योजना खरंच उपयोगी पडते, हे समजायला टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहराचं उदाहरण सगळ्यात चांगलं आहे. या शहराची निम्म्याहून जास्त लोकसंख्या लॅटिनो आहे. जानेवारी १९९० मध्ये लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने तिथला कपड्यांचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. हजाराहून अधिक कामगारांची नोकरी गेली. त्यात बहुसंख्य मेक्सिकन-अमेरिकन बायका होत्या.

त्याच वेळी शहरात दवाखान्यांत, कार्यालयांत नव्या नोकऱ्या निर्माण होत होत्या. पण त्यांना प्रशिक्षण लागत होतं आणि शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईकडे ते नव्हतं. चर्च आणि वस्त्यांमधून उभ्या राहिलेल्या 'कॉप्स' आणि 'मेट्रो अलायन्स' या दोन नागरिक संघटनांनी मग उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी आधी मालकांना विचारलं की तुम्हाला कोणती माणसं हवीत, आणि त्यानुसार प्रशिक्षण आखलं. १९९२ मध्ये यातूनच 'प्रोजेक्ट क्वेस्ट' सुरू झाला.

क्वेस्ट स्वतः वर्ग घेत नाही. विद्यार्थी शहरातल्या कम्युनिटी कॉलेजात शिकतात. क्वेस्ट फी, पुस्तकं, प्रवास, मुलं सांभाळण्याचा खर्च यांत मदत करतं. गणित-इंग्रजी कच्चं असेल तर आधी ते पक्कं करून घेतं आणि दर आठवड्याला समुपदेशकासोबत बैठक असते. कोर्स दोन-तीन आठवड्यांचा नसतो. नर्सिंगसारख्या शिक्षणाला दीड-दोन वर्षं किंवा जास्तही लागतात.

याचा फायदा होतो का, हे तपासण्यासाठी २००६ पासून ४१० अर्जदारांवर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला क्वेस्टची मदत मिळाली, दुसऱ्याला नाही. अभ्यासात बहुसंख्य लॅटिनो स्त्रिया होत्या. सुरुवातीला, शिक्षण चालू असताना, क्वेस्टच्या गटाची कमाई पुढे नव्हती. नंतर चित्र पालटलं. सहाव्या वर्षी हा गट दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला सुमारे ५ हजार डॉलर जास्त कमवत होता आणि नवव्या वर्षीही फरक साधारण तेवढाच टिकून होता.

अमेरिकेतल्या प्रशिक्षण योजनांचा फायदा इतकी वर्षं टिकल्याची उदाहरणं कमी आहेत. पहिल्याच वर्षी हिशेब मागितला असता तर हीच योजना फसलेली दिसली असती. राजकारण्यांना मात्र लवकर आकडे हवे असतात, आणि गरजू माणसालाही घरभाडं याच महिन्यात भरायचं असतं. छोट्या कोर्सची चलती त्यामुळेच असते.

इंग्रजी आधी की काम आधी?

पूर्वी पद्धत अशी होती की आधी इंग्रजी शिका, मग व्यवसायाच्या कोर्सला या. यात दोन-तीन वर्षं जात आणि बरेच जण मध्येच सोडून देत. वॉशिंग्टन राज्याने २००४ मध्ये 'आय-बेस्ट' नावाचा वेगळा प्रयोग सुरू केला. यात एकाच वर्गात दोन शिक्षक असतात. एक वेल्डिंग किंवा नर्सिंग शिकवतो, दुसरा त्याच धड्यातलं इंग्रजी आणि गणित शिकवतो. पुढे इतर राज्यांनीही ही कल्पना उचलली.

शिकागोतल्या 'इन्स्तितुतो देल प्रोग्रेसो लातिनो' या संस्थेने २००५ मध्ये 'कारेरास एन सालुद' म्हणजे 'आरोग्यक्षेत्रातलं करिअर' सुरू केलं. इंग्रजी कमी येणारी व्यक्ती आधी रुग्णसेवकाचं प्रमाणपत्र घेते, त्यावर नोकरी करते आणि पायरी-पायरीने परवानाधारक नर्सपर्यंत जाऊ शकते. इथे दोन भाषा येणं हा फायदा ठरतो, कारण स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णांना तशीच नर्स हवी असते.

नाक्यावरच्या मजुरांसाठी मजूर केंद्रं

मुंबई-पुण्यात सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात, तसे अमेरिकेत हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांबाहेर लॅटिनो मजूर उभे असतात. गाडी येते, दोघांना घेऊन जाते. संध्याकाळी पैसे मिळतीलच याची खात्री नसते. यावर उपाय म्हणून मजूर केंद्रं उभी राहिली. मालकाने केंद्रात नाव-पत्ता नोंदवायचा, मजुरीचा किमान दर आधी ठरलेला आणि कोणी जायचं हे यादीने किंवा सोडतीने ठरतं. पैसे बुडवले तर केंद्र पाठपुरावा करतं. सिॲटलची 'कासा लातिना' हे याचं जुनं उदाहरण. २००१ पासून अशा केंद्रांचं 'एनडीलॉन' हे देशव्यापी जाळं आहे.

ही केंद्रं कामाला शिस्त आणतात, मजुरी वाचवतात. पण रोजंदारीतून पक्क्या नोकरीकडे नेणं त्यांनाही अवघड जातं, कारण पुढच्या पायरीवर कागदपत्रं आडवी येतात.

कागदपत्रांनुसार काय मिळतं?

• नागरिक, पोर्तो रिकोचे लोक आणि ग्रीन कार्डधारक: अटी पूर्ण केल्या तर सरकारी प्रशिक्षणाची दारं उघडी असतात.

• निर्वासित, आश्रय मिळालेले आणि काम करण्याची परवानगी असलेले इतर लोक: विओआच्या कायद्यात यांचाही उल्लेख आहे. २०१२ पासून चालू असलेल्या 'डाका' योजनेतल्या तरुणांना दोन-दोन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो.

• कागदपत्रं नसलेले: विओआच्या मुख्य प्रशिक्षण योजना यांच्यासाठी नाहीत. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचे इंग्रजी वर्ग आणि मजूर केंद्रं हाच मुख्य आधार.

हे नियम सध्या वेगाने बदलत आहेत. जुलै २०२५ मध्ये संघीय सरकारने कागदपत्रं नसलेल्यांसाठी प्रौढ शिक्षण आणि रोजगार सेवांचे नियम कडक करत असल्याचं जाहीर केलं आणि अनेक राज्यं त्याविरोधात न्यायालयात गेली. सरकारी सेवा इतर भाषांतही द्याव्यात असा २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेशही मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे कुठल्याही केंद्रात जाण्याआधी आजचा नियम काय आहे, हे स्थानिक संस्थेकडून कळून घेणं गरजेचं झालं आहे.

पगार बुडवला तर काय करता येतं?

केलेल्या कामाचा पगार मिळणं हा हक्क कागदपत्रं नसलेल्यांनाही आहे. १९३८ च्या कायद्यानुसार ठरणारं संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते याहून बरंच जास्त आहे. तक्रार कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे करता येते.

भाषा किंवा मूळ देशावरून भेदभाव झाला तर 'ईईओसी' या आयोगाकडे जाता येतं. मात्र मुदत कमी असते: १८० दिवस, आणि बऱ्याच राज्यांत ३००.

संरक्षणाला मर्यादाही आहेत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'हॉफमन प्लास्टिक' खटल्यात असा निकाल दिला की युनियनच्या कामामुळे बेकायदा काढून टाकलेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या कामगाराला न केलेल्या कामाचा मागचा पगार मिळणार नाही. केलेल्या कामाच्या पगाराला हा निकाल लागू होत नाही.

'नोतारियो' पासून सावध

लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत 'नोतारियो पुब्लिको' म्हणजे अनुभवी वकील. अमेरिकेत 'नोटरी पब्लिक' म्हणजे फक्त सही साक्षांकित करणारा माणूस. या शब्दसाम्याचा फायदा घेऊन काही जण 'वर्क परमिट काढून देतो' म्हणत हजारो डॉलर उकळतात आणि चुकीचे अर्ज भरून माणसाला अडचणीत आणतात. कायदेशीर सल्ला फक्त परवानाधारक वकील किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेले प्रतिनिधीच देऊ शकतात. नोकरी लावण्याआधी पैसे मागणाऱ्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर?

टाको विकणारी गाडी, साफसफाईची कंपनी, घरगुती पाळणाघर अशा छोट्या धंद्यांसाठीही मदत आहे. १९६४ पासून चालणारी 'स्कोअर' ही संस्था अनुभवी व्यावसायिकांकडून मोफत सल्ला देते. मुहम्मद युनूस यांच्या बचतगटाच्या कल्पनेवर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'ग्रामीण अमेरिका' सुरू झाली. तिच्या कर्जदारांत लॅटिना स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे.

सुरुवात कुठून करायची?

अमेरिकेत २११ हा क्रमांक फिरवला तर बहुतेक भागांत स्थानिक मदत संस्थांची माहिती मिळते. कामगार खात्याच्या 'करिअरवनस्टॉप' या संकेतस्थळावर जवळचं जॉब सेंटर शोधता येतं. ही केंद्रं फक्त लॅटिनोंसाठी नाहीत. तिथे राहणारे मराठी ग्रीन कार्डधारक आणि नागरिकही त्यांचा वापर करू शकतात. भारतातली पदवी घेऊन गेलेल्यांना पदवी-मान्यतेची अडचण तशीच येते.

कोर्स निवडताना चार प्रश्न जरूर विचारावेत: हा कोर्स केलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली? पगार किती मिळाला? प्रमाणपत्र राज्यात मान्य आहे का? आणि यानंतरची पायरी कोणती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या केंद्राकडे तयार असेल, तिथे वेळ घालवणं सहसा फायद्याचं ठरतं.